शस्त्रक्रियागृहातून अध्यापनाकडे : एका पाचारणाचा अभ्यास

वाचनासाठी शास्त्रभाग : गणना ८:२३-२६, यशया ५०:४, लूक ६:४०, इफिस ४:११-१६, २ तीमथ्य २:१-२

आपल्या ख्रिस्ती समाजात असे घराणे विरळाच, ज्यात एखादी आत्या, मावशी किंवा थोरली बहीण परिचारिका नाही. तिच्या सेवेचा गौरव आपण करतो तेव्हा बहुधा एकच चित्र आपल्या मनापुढे असते : रात्रीचा वॉर्ड, मंद दिवा, आणि रुग्णाच्या उशाशी उभी असलेली सिस्टर. हे चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. या चित्राबाहेर दोन प्रकारच्या परिचारिका राहून जातात. पहिली शस्त्रक्रियागृहातली. रुग्ण शुद्धीवर नसताना तिचे काम चालते. म्हणून बरा होऊन घरी गेलेल्या माणसाला तिचे नाव तर सोडाच, चेहराही ठाऊक नसतो. दुसरी नर्सिंगच्या शाळेत वा महाविद्यालयात शिकवणारी. तिचा तर रुग्णाशी संबंधच उरला नाही, अशी पुष्कळांची समजूत असते.

जेव्हा पहिली परिचारिका दुसरी होते, म्हणजे दहा-पंधरा वर्षे ऑपरेशन टेबलाजवळ उभी राहिलेली सिस्टर हातमोजे उतरवून फळ्यापुढे उभी राहते, तेव्हा आपल्या मंडळीत दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. कोणी म्हणतात, “बरे झाले, आता रात्रपाळी नाही, निवांत नोकरी मिळाली.” कोणी म्हणतात, “खरी सेवा सोडून खुर्चीवर बसली.” पहिल्या उद्गारात अभिनंदन आहे आणि दुसऱ्यात ठपका, पण दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती ही की सेवा म्हणजे रुग्णाला प्रत्यक्ष स्पर्श, आणि शिकवणे म्हणजे त्या सेवेतून सुटका. ही कल्पना पवित्र शास्त्राच्या कसोटीला उतरते काय, याचा विचार या पाठात आपण करणार आहोत.

१. जेथून हा प्रश्न उभा राहतो

हा प्रश्न हवेतला नाही. रायपूर शहराकडे पाहा. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. मराठी वाचकांना हे शहर परके नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर होती. पुढे मध्य प्रांतात आणि १९५६ पर्यंतच्या मध्य प्रदेशात नागपूर व रायपूर एकाच प्रशासनाखाली नांदले. नोकरी, रेल्वे व व्यापार यांच्या निमित्ताने तेथे गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच रुजली आहेत.

रायपुरात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. त्याला जोडलेले डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालय गावकऱ्यांच्या तोंडी ‘मेकाहारा’ म्हणून ओळखले जाते. २०१२ साली टाटीबंध भागात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे ‘एम्स’चे काम सुरू झाले. पण या मोठ्या संस्थांच्या कितीतरी आधी या प्रदेशात परिचर्येचे शिक्षण मिशन रुग्णालयांनी आणले. १८६८ साली ऑस्कर लोहर यांनी बिश्रामपूर येथे कार्य आरंभिले. १८९९ साली मेनोनाइट मिशनरी धमतरीस आले आणि १९१० साली तेथे रुग्णालय सुरू झाले. रायपूर-बिलासपूर लोहमार्गावरील तिल्दा येथेही मिशन रुग्णालय उभे राहिले. महाराष्ट्रात मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले आणि अवघ्या तीनच वर्षांत, १८९७ साली, तेथे नर्सिंगचे शिक्षणही सुरू झाले.

या रुग्णालयांतून जे घडले त्याचा क्रम लक्षात घ्या. आधी दवाखाना आला. दवाखान्यात शस्त्रक्रिया होऊ लागल्या. शस्त्रक्रियेला शिकलेले हात लागतात, हे ध्यानात येताच रुग्णालयाच्याच आवारात नर्सिंगची शाळा निघाली. त्या शाळेत शिकवणार कोण? जिला काम येत होते तीच. सकाळी शस्त्रक्रियेत मदत आणि दुपारी मुलींचा वर्ग, हे एकाच स्त्रीच्या दिवसाचे दोन भाग होते. सेवा आणि शिक्षण यांची आज दिसणारी फारकत मागाहूनची आहे. मुळात ती नव्हती.

२. टेबलाजवळची सेवा

शस्त्रक्रियागृहातील परिचारिका करते तरी काय? बाहेरच्या माणसाला वाटते, ती डॉक्टरांच्या हाती हत्यारे देते. हे म्हणजे ‘स्वयंपाकीण ताट वाढते’ असे म्हणण्यासारखे झाले.

तेथे सामान्यतः दोन परिचारिका असतात. एक हात धुऊन, निर्जंतुक गाऊन व हातमोजे घालून टेबलाशी उभी राहते. तिला स्क्रब नर्स म्हणतात. दुसरी निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून लागेल ते पुरवते, नोंदी ठेवते आणि सर्वांवर नजर ठेवते. ती सर्क्युलेटिंग नर्स. शस्त्रक्रियेपूर्वी मॉप, गॉज, सुया व हत्यारे मोजली जातात. पोट वा छाती शिवण्याआधी पुन्हा मोजली जातात. त्वचा बंद होताना आणखी एकदा. संख्या जुळली नाही तर परिचारिकेने तसे स्पष्ट सांगायचे असते, मग समोर केवढाही मोठा सर्जन का असेना, आणि त्याला कितीही घाई का असेना. शरीरात राहून गेलेला एक मॉप माणसाचा प्राण घेऊ शकतो.

या कामात एक शब्द वापरला जातो : शस्त्रक्रियेतील सदसद्विवेक. समजा, हातमोजा घातलेले बोट चुकून निर्जंतुक नसलेल्या वस्तूला लागले. कोणी पाहिले नाही. ती बोलली तर मोजे बदलावे लागतील, वेळ जाईल, कदाचित रागावूनही घेतले जाईल. ती बोलली नाही तर कोणाला कधीच कळणार नाही. रुग्णाला चार दिवसांनी ताप आला तरी त्याचे कारण कोणी तिच्यापर्यंत आणू शकणार नाही. अशा वेळी “माझा हात लागला” असे आपणहून म्हणणे, हा तिच्या धर्माचरणाचा कस आहे. देवासमोर व माणसांसमोर विवेकभाव निर्दोष राखण्याचा आपण यत्न करतो, असे पौलाने फेलिक्सपुढे सांगितले (प्रे. कृ. २४:१६). तो यत्न राजदरबारातच करावा लागतो असे नाही. चार भिंतींच्या आत, प्रखर दिव्याखालीही तो करावा लागतो.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ साली कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका शस्त्रक्रियागृहाची प्रमुख होती. हात निर्जंतुक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या तीव्र द्रावणाने तिच्या हातांची कातडी सोलवटून निघे. तिला काम सोडावे लागेल अशी वेळ आली, तेव्हा सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी रबराच्या कारखान्याकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. ते मोजे होते परिचारिकेचे हात वाचवण्यासाठी. त्यांनी रुग्ण वाचतात हे पुढे उमगले आणि साऱ्या जगाने ते स्वीकारले. सेवा करणाऱ्याच्या वेदनेची दखल घेतली तर तिचा लाभ कोठवर पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मराठी माणसाला जवळचे वाटेल असे दुसरे उदाहरण आपल्या काळातले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-सूची प्रसृत केली. त्या कार्याचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होते. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण टेबलावरून हलवण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर काही साधे प्रश्न मोठ्याने विचारायचे, इतकेच त्या सूचीत आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत तिची परीक्षा झाली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. जे चांगल्या परिचारिका मनातल्या मनात करीत होत्या, ते सर्वांनी मिळून उघड बोलायचे एवढेच ठरले. ही बाब ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होईल.

३. हातात मुरलेले ज्ञान

वर्षानुवर्षे टेबलाशी उभी राहिलेली परिचारिका सर्जनने मागण्याआधीच योग्य चिमटा पुढे करते. रक्ताचा रंग किंचित बदलला तरी तिच्या लक्षात येते. “तुम्हाला कसे कळले?” असे विचारले तर ती म्हणते, “कळले खरे.” तिचे ज्ञान हातात उतरलेले असते, जिभेवर यायला ते तयार नसते.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ विदुषीने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या : अगदी नवखी, थोडी सरावलेली, सक्षम, प्रवीण आणि निष्णात. नवखी परिचारिका नियम पाठ करून चालते. निष्णात परिचारिका नियमांच्या आधारावर चालत नाही; ती संपूर्ण परिस्थिती एका दृष्टिक्षेपात ओळखते. म्हणूनच निष्णात व्यक्तीला आपले ज्ञान समजावून सांगणे कठीण जाते.

आता त्या सिस्टरची कल्पना करा, जी काल निष्णात होती आणि आज प्रथमच वर्गात उभी आहे. हातांनी ती पाचव्या पायरीवर आहे, वाचेने मात्र पहिल्या. काल सर्जन तिच्या शब्दाला मान देत होते, आज अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी विचारते, “सिस्टर, गाऊनची पाठीकडची बाजू निर्जंतुक का मानायची नाही? ती तर त्याच ड्रममधून आली आहे.” आणि सिस्टर क्षणभर थबकते, कारण हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मग ती विचार करते आणि उत्तर सापडते : जी बाजू आपल्याला दिसत नाही, तिची ग्वाही आपण देऊ शकत नाही. उत्तर साधे आहे; परंतु ते शब्दांत मांडताना तिचे स्वतःचेही ज्ञान एका नव्या तऱ्हेने पक्के झाले.

ऑटोक्लेव्हचेही असेच. १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि चौरस इंचाला १५ पौंड दाब हे आकडे प्रत्येकीला पाठ असतात. पण आत हवा अडकून राहिली तर वाफ कापडाच्या घडीत पोहोचत नाही, म्हणून ड्रम खचाखच भरायचा नाही, हे ‘का’ सांगितल्याशिवाय मुलगी नियम पाळते खरी, पण कोणी पाहत नसेल तेव्हा मोडतेही. जिला कारण कळले ती एकटी असतानाही नियम पाळते. शस्त्रक्रियागृहातील सदसद्विवेक शिकवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

४. शास्त्रातील दोन शब्द

भाषांतराचे काम करणाऱ्याला एकेका शब्दापाशी पुष्कळ वेळ थांबावे लागते. या विषयावर प्रकाश टाकणारे दोन शब्द येथे विचारात घेऊ.

पहिला शब्द इब्री भाषेतील ‘लिम्मूद’. यशयाच्या पन्नासाव्या अध्यायात परमेश्वराचा सेवक म्हणतो की थकलेल्याला शब्दाने धीर देता यावा म्हणून प्रभूने आपल्याला सुशिक्षितांची जीभ दिली आहे, आणि दररोज सकाळी तो आपला कान जागा करतो, यासाठी की आपण शिकणाऱ्याप्रमाणे ऐकावे. या एकाच वचनात हा शब्द दोनदा येतो : एकदा जिभेसंबंधी, एकदा कानासंबंधी. ज्या धातूपासून तो बनला आहे त्याच धातूच्या एका रूपाचा अर्थ शिकणे आणि दुसऱ्या रूपाचा अर्थ शिकवणे असा होतो. आपल्या मराठीतही ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ ही एकाच क्रियापदाची दोन रूपे आहेत. ज्याचा कान शिकणाऱ्याचा राहिला नाही, त्याची जीभ शिकवणाऱ्याची होऊ शकत नाही. आणि या साऱ्या शिक्षणाचा हेतू काय? थकलेल्याला आधार. पांडित्य मिरवणे हा नव्हे. परिचर्या शिकवणारीच्या टेबलावर लिहून ठेवावे असे हे सत्य आहे : वर्गातील प्रत्येक धड्याच्या टोकाशी कोणीतरी थकलेला, खाटेवर पडलेला आहे.

दुसरा शब्द ग्रीक भाषेतील ‘कातार्तिस्मॉस’. इफिसच्या पत्रात पौल सांगतो की ख्रिस्ताने प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक दिले, ते पवित्र जनांना सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करण्याकरिता. ‘सिद्ध करणे’ यासाठी मूळ भाषेत हाच शब्द आहे, आणि नव्या करारात या रूपात तो येथे एकदाच आला आहे. ग्रीक वैद्य हा शब्द निखळलेले हाड पुन्हा जागेवर बसवण्यासाठी वापरीत. त्याचे क्रियापद मात्र नव्या करारात अनेक ठिकाणी भेटते. याकोब व योहान मचव्यात जाळी नीट करीत होते, तेथे तेच क्रियापद (मार्क १:१९). पूर्ण शिकून तयार झालेला शिष्य आपल्या गुरूसारखा होईल असे प्रभू येशू म्हणतो, तेथे तेच (लूक ६:४०). आणि कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा असे पौल गलतीकरांना लिहितो, तेथेही तेच (गलती. ६:१).

म्हणजे शिक्षकाचे काम सांगायला प्रेषिताने जो शब्द निवडला, तो हाड बसवण्याचा शब्द आहे. टेबलाजवळून वर्गात आलेल्या सिस्टरला वाटेल की माझे जुने काम मागे राहिले; पण शास्त्र म्हणते, काम तेच आहे. पूर्वी निखळलेले हाड बसवायला तू हात लावत होतीस. आता ज्या हातांनी उद्या ते बसवायला मदत करायची, ते हात तू जागेवर बसवीत आहेस.

गलतीकरांच्या पत्रातील ‘सौम्य वृत्ती’ हा भागही विसरण्याजोगा नाही. हाड रागाने बसवता येत नाही. ओढाताण केली तर मोडते. शस्त्रक्रियागृहात आवाज चढवण्याची एक परंपरा आहे, आणि तेथून वर्गात येणारी व्यक्ती ती परंपराही बरोबर घेऊन येऊ शकते. चुकलेल्या मुलीचा सर्वांदेखत पाणउतारा केला तर ती एकच धडा शिकते : पुढच्या वेळी चूक लपवायची. आणि लपवलेली चूक रुग्णाच्या शरीरात जाऊन बसते. उलट “हात लागला” असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मुलीला शिक्षिकेने आधी शाबासकी दिली आणि मग मोजे बदलायला लावले, तर त्या एका प्रसंगाने सबंध वर्गाचा विवेक घडतो. तपासणी-सूचीची मघाची गोष्ट येथे आठवावी. मनातले उघड बोलण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मृत्यू घटले.

५. लेव्यांचा नियम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टेबल सोडणे म्हणजे पाचारण सोडणे काय?

गणनेच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी एक लहानसा नियम आहे. लेव्याने पंचविसाव्या वर्षापासून दर्शनमंडपाच्या सेवेत यावे आणि पन्नासाव्या वर्षी ते काम सोडावे. ते कष्टाचे काम होते. फळ्या, खांब, पडदे व पात्रे उचलून वाळवंटातून वाहून न्यायची. पन्नाशीनंतर खांद्यांनी भार उचलू नये असे देवानेच ठरवले. त्यात लाज मानण्यासारखे काही नव्हते. पण नियम एवढ्यावर थांबत नाही. निवृत्त लेव्याने आपल्या भाऊबंदांबरोबर दर्शनमंडपात राहून त्यांना साहाय्य करावे व रखवाली सांभाळावी, असेही तेथे सांगितले आहे. भार उतरला, सेवा उरली.

शस्त्रक्रियागृहातील काम शरीराला झिजवणारे आहे. तासन्‌तास उभे राहून पायांच्या शिरा फुगतात, पाठ धरते, अवेळी बोलावणे येते, जेवणाच्या वेळा राहत नाहीत. एखादी परिचारिका चाळिशीत वा पन्नाशीत म्हणते की आता शरीर साथ देत नाही, तेव्हा तिच्या श्रद्धेत उणे शोधू नये. देवाने लेव्यांच्या खांद्यांची काळजी केली, तसा तो तिच्या गुडघ्यांचीही करतो. आणि कोणी शरीर धडधाकट असतानाच अध्यापनाकडे वळली तर तीही पळून गेलेली नव्हे. तीमथ्याला लिहिताना पौलाने चार पिढ्यांची साखळी एका वाक्यात गोवली आहे : पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे, आणि त्यांनी शिकवायचे असे इतर. पौल रोमच्या तुरुंगात होता. आपले हात बांधलेले असताना काम पुढे कसे जाईल, याची ही योजना होती. एक परिचारिका एका वेळी एकाच टेबलाशी उभी राहू शकते. तिच्या चाळीस विद्यार्थिनी चाळीस टेबलांशी उभ्या राहतात.

६. वाट कशी आहे

ज्या भगिनी या वळणाचा विचार करीत असतील, त्यांच्या माहितीसाठी थोडे व्यावहारिक. आपल्या देशात १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. पदव्युत्तर शिक्षण दिल्लीत १९५९ साली. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. तिच्या नियमांनुसार घडत आलेली वाट अशी आहे : तीन वर्षांची जी. एन. एम. पदविका घेतलेली परिचारिका दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी. एस्सी. अभ्यासक्रम करून पदवी मिळवते, थेट बी. एस्सी. नर्सिंग करणारीला चार वर्षे लागतात. त्यानंतर दोन वर्षांची एम. एस्सी. नर्सिंग. एम. एस्सी.च्या प्रवेशासाठी प्रत्यक्ष कामाचा अनुभवही मागितला जातो. शस्त्रक्रियागृहाचा अनुभव असणाऱ्यांना मेडिकल-सर्जिकल नर्सिंग ही शाखा साहजिकच जवळची वाटते. याशिवाय शस्त्रक्रियागृहातील परिचर्येची एक वर्षाची स्वतंत्र पदविकाही आहे. राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. तेव्हा प्रवेशापूर्वी त्या त्या वेळचे नियम आपल्या राज्याच्या परिषदेकडे व विद्यापीठाकडे विचारून घ्यावेत.

महाविद्यालय निवडताना एक प्रश्न अवश्य विचारावा : येथील विद्यार्थिनींना प्रत्यक्ष रुग्णांजवळ किती काम मिळते? इमारत व प्रयोगशाळेतील पुतळे पाहून भुलू नये. पुतळ्यावर हात बसतो. पण भ्यालेल्या माणसाचा हात हातात घेणे पुतळा शिकवत नाही.

७. दोन धोके

याकोब बजावतो की फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार (याकोब ३:१). म्हणून दोन धोके सांगितले पाहिजेत.

पहिला, रुग्णापासून दुरावण्याचा. वर्गात पाच वर्षे गेली की शस्त्रक्रियागृह बदललेले असते. दुर्बिणीने होणाऱ्या शस्त्रक्रियांनी हत्यारे बदलली, मांडणी बदलली. जी शिक्षिका जुन्या वह्यांवरून शिकवते ती विद्यार्थिनींना कालच्या रुग्णालयासाठी तयार करते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्येच्या अध्यापकांवर रुग्णसेवेचीही जबाबदारी सोपवण्याची पद्धत आहे. जुन्या मिशन रुग्णालयांतील सकाळचे टेबल आणि दुपारचा वर्ग यांचेच ते सुधारलेले रूप म्हणता येईल. जेथे अशी व्यवस्था नाही तेथे शिक्षिकेने विद्यार्थिनींबरोबर स्वतः वॉर्डात व शस्त्रक्रियागृहात जावे, आणि तेथे काम करणाऱ्या तरुण सिस्टरांकडून नवे शिकायला संकोचू नये. शिकणाऱ्याचा कान तो हाच.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे : एकाकीपणाचा. शस्त्रक्रियागृहात दिवसाच्या शेवटी फळ दिसते. रुग्ण जिवंत बाहेर गेला. अध्यापनात फळ दिसायला वर्षे लागतात, आणि दिसते तेव्हा ते दुसऱ्याच्या हातात असते. पुष्कळ जणी पहिल्या वर्षीच निराश होतात. आपण उपयोगी राहिलो नाही असे त्यांना वाटते. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ही साधना त्यांनी आधीच केलेली आहे. ज्या रुग्णांनी त्यांना कधी पाहिले नाही, त्यांची सेवा त्यांनी वर्षानुवर्षे केली. आभाराची अपेक्षा न ठेवता केली. आता ज्या रुग्णांना त्या स्वतः कधी पाहणार नाहीत, त्यांची सेवा करायची आहे. अदृश्य राहून सेवा करण्याची सवय ही शस्त्रक्रियागृहाने त्यांना दिलेली शिदोरीच आहे.

८. मंडळीचे कर्तव्य

रुग्णालय रविवारी आपण मंडळीतील डॉक्टर व परिचारिकांसाठी प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत नर्सिंगच्या शिक्षिकांचीही आठवण ठेवावी. रायपूर, नागपूर, मिरज, मुंबई अशा शहरांत खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुली वसतिगृहांत राहतात. त्यांपैकी किती जणी आपल्या मंडळीत येतात, त्यांना रविवारी कोण घरी जेवायला बोलावते, याचा विचार व्हावा. आणि एखादी ज्येष्ठ सिस्टर पुढच्या शिक्षणासाठी दोन वर्षांची रजा घेऊ पाहत असेल, तर तिच्या वृद्ध आईबापांची वा मुलांची थोडी काळजी वाहणे, हेही तिच्या पाचारणात सहभागी होणेच आहे. सबंध शरीर प्रत्येक सांध्याच्या साहाय्याने जुळून वाढते, असे इफिसच्या त्याच उताऱ्याच्या शेवटी म्हटले आहे. सांधा निखळू न देणे हे काम एकट्या शिक्षकाचे नाही.

चिंतनासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. ‘प्रत्यक्ष सेवा’ आणि ‘शिक्षण’ यांत आपण उच्चनीच मानतो काय? इफिस ४:११-१६ च्या प्रकाशात त्याचे परीक्षण करा.

२. कोणी पाहत नसताना “माझा हात लागला” असे म्हणण्याचे प्रसंग आपापल्या व्यवसायात कोणते येतात?

३. गणना ८:२३-२६ मधील नियम आपल्या मंडळीतील निवृत्त व्यक्तींना कसा लागू करता येईल?

४. आपल्या हातात मुरलेले कोणते ज्ञान आहे, जे आपण अद्याप कोणाला शिकवलेले नाही? ते कोणाला द्यावे?

प्रार्थना : हे प्रभू, थकलेल्यांना आधार देणारा शब्द तूच देतोस. जे हात आजवर रुग्णांची सेवा करीत आले, त्यांना आता दुसरे हात घडवण्याची सौम्यता व धीर दे. शिकवणाऱ्यांचा कान रोज सकाळी जागा कर, आणि शिकणाऱ्यांचा विवेक शुद्ध राख. आमेन.